मेदेरच्या मागचा दिवा

सायकली सगळ्या आत घेतल्यात ना? मग दार ओढा आणि बसा. चहा अजून आहे. पहाटे सहाला निघायचंय, तरी तुम्हाला झोप येणार नाही हे मला ठाऊक आहे. पहिल्यांदा सोंग-कुलच्या तळ्यावर जाणाऱ्याला कोचकोरमध्ये कधीच झोप लागत नाही. बिश्केकहून येता, डोक्यात नुसते फोटो असतात. हिरवं कुरण, निळं पाणी, पलीकडे बर्फाचे डोंगर. असू द्या, ते सगळं तिथे आहेच.

मघाशी जेवताना तुमच्यातलं कुणीतरी म्हणालं, की शेवटून चालवणाऱ्याची चैन असते. घाई नाही, शर्यत नाही, फुलं बघत यायचं. कोण म्हणालं ते मी पाहिलंय, नाव घेत नाही. पण शेवटून चालवणं म्हणजे काय, ते झोपायच्या आधी ऐकून ठेवा.

मेदेरला तुम्ही आज बाजारात पाहिलंत. जनावरांचं मीठ विकतो तो. दुकानात स्टूल थेट मागच्या भिंतीला लावून बसतो. गिऱ्हाइकांची रांग लागली तरी पाठ भिंतीपासून सुटत नाही. मिठाचा खडा द्यायचा तर हात लांब करतो, पण उठत नाही. पोरं त्याची टिंगल करतात. मी करत नाही.

तेव्हा तो मीठ विकत नव्हता. आपल्या क्लबाचा शेवटचा माणूस होता तो. सामानाची गाडी मी चालवायचो, आजही मीच चालवतो, स्वयंपाकाला आपल्या सगळ्यांची थोरली ताई, जुरा एजे, सगळ्यांत पुढे एर्किन आणि सगळ्यांत मागे मेदेर. अकरा वर्षं. कुणाची साखळी तुटली, कुणाला चढावर धाप लागली, की मेदेर त्याच्यापाशी उभा. तळावर आला की हात वर करून ओरडायचा, "माझ्या मागे कुणी नाही." तेवढं ऐकलं की जुरा एजे चहा ओतायला घ्यायची. आपल्यात माणसं मोजत नाहीत, मोजली की कमी होतात, म्हणून मेदेरचा तो शब्द हीच आमची मोजणी होती.

तर गेल्या नव्हे, त्याच्या आदल्या ऑगस्टातली गोष्ट. एकवीस तारीख, गुरुवार. पहाटेचे पाच वाजलेले. जुरा एजेनं मेदेरला नान आणायला पाठवलं.

"कोपऱ्यावरच्या दुकानातून आणतो," मेदेर म्हणाला.

"ते रबर तू खा. असिलकानकडून आण. आणि माझं नाव सांग, म्हणजे जाडसर देईल."

मेदेर थोडा घुटमळला. मग पोतं खांद्यावर टाकून निघाला.

असिलकान एजे शंभर पावलांवर राहायची, आजही राहते. अंगणात तंदूर, पाठीमागे दोन खोल्या. मेदेर फाटकातून आत गेला तेव्हा ती तंदूरमध्ये अर्धी वाकून नान चिकटवत होती. वाकल्या वाकल्याच म्हणाली, "ये, मेदेर. वर्षभर दिसला नाहीस. माझे नान कडू लागायला लागले का?"

"कामं असतात, एजे."

"असतील. माणसाला कामं असतात."

मेदेर दाराच्या चौकटीला टेकायला गेला आणि सरळ झाला. चौकटीशेजारी खिळ्याला एक पांढरी कापडी पिशवी टांगली होती, तोंडाला गाठ मारलेली. आत काय आहे ते त्याला ठाऊक होतं. तुम्हालाही ठाऊक असायला हवं. घरातलं कुणी लांबच्या वाटेला निघालं, की आई त्याला अख्ख्या नानाचा एक घास तोडायला लावते, दातानं. उरलेला नान पिशवीत घालून टांगायचा. परत आलेल्यानंच तो संपवायचा. तुमच्या आयांनी ठेवलाय की नाही? शहरात आता ठेवतात की नाही कोण जाणे.

त्या पिशवीत सेझिमचा नान होता. असिलकान एजेची एकुलती एक लेक. बिश्केकमध्ये परिचारिकेची नोकरी करायची, चोवीस वर्षांची होती. त्याच्या आदल्या वर्षी पहिल्यांदाच क्लबाबरोबर आली होती. निघताना तिनं याच दारात घास तोडला होता, तोंडात घास असतानाच हसली होती. असिलकान एजे मेदेरला म्हणाली होती, "हळू चालवते रे ती. तुझ्या मागे नको ठेवूस." मेदेर म्हणाला होता, "माझ्या मागे कुणी राहत नाही, एजे."

ती परत आली ती चादरीत गुंडाळून आली. असिलकान एजेनं पिशवी काढली नाही. लोकांनी सांगितलं, मुल्लानं सांगितलं, पाखरांना घाल म्हणून. ती म्हणाली, चादरीत आलेलं परत आल्यात धरत नाही.

पोत्यात नान भरता भरता ती म्हणाली, "आज तिथूनच जाणार ना?"

"हो."

"एक विचारायचं राहिलंय. तू तिला चल म्हणालास, तेव्हा ती काय म्हणाली? तिचे शब्द सांग. जसेच्या तसे."

मेदेरनं पोत्याचं तोंड आवळलं. ते आवळलेलंच होतं.

"म्हणाली... तुम्ही व्हा पुढे. मला शिकवू नका."

असिलकान एजेनं मान हलवली. "तशीच होती. लहानपणापासून कुणाचं ऐकायची नाही." मग पिशवीकडे बघून म्हणाली, "ऐकलं असतंस तर बसली असतीस आज इथं."

मेदेर पोतं उचलून बाहेर पडला.

आता तुम्हाला खरं काय घडलं होतं ते सांगतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. अंदाज होता. पण विचारलं नाही, मूग गिळून बसलो, तेव्हा माझीही पाठ काही फार स्वच्छ नाही.

आदल्या वर्षी असं झालं. कलमाक खिंड ओलांडली की तळ्याकडे उतार लागतो, तो तुम्ही उद्या बघालच. उताराच्या सुरुवातीला मेदेरच्या मामानं त्या उन्हाळ्यात तंबू ठोकला होता. भाचा येणार हे म्हाताऱ्याला ठाऊक होतं. तो दोन्ही हातांत किमिझचा वाडगा धरून रस्त्याच्या मधोमध उभा. सत्तरीचा मामा, त्याच्या घोडीचं आंबवलेलं दूध, त्याच्या हाताचा वाडगा. तुमच्यापैकी कोण पुढे गेलं असतं? कुणी नाही. मीही नाही. मेदेरच्या पुढे फक्त सेझिम उरली होती, उताराला घाबरून दोन्ही ब्रेक धरून चाललेली. तो तिला म्हणाला, "तू हो पुढे. पहिल्या मोठ्या वळणावर थांब. मी आल्याशिवाय हलू नकोस." ती म्हणाली, "बरं, अके," थोरल्या भावाला म्हणावं तसं.

एवढेच तिचे शब्द. बरं, अके.

एक वाडगा म्हणता म्हणता तीन झाले. तेवढ्यात ढग उतरला, आणि गारा. मेदेर निघाला तो सुसाट, उशीर झाला म्हणून. वळणावर त्याला कुणी दिसलं नाही. गारांचा मारा चुकवायला पोरगी रस्त्याकडेच्या मोठ्या दगडामागे बसली होती, सायकल शेजारी. तिनं हाक मारली असेल, नसेल. तो थांबला नाही. त्याला वाटलं, कंटाळून गेली असेल पुढे. तळावर येऊन त्यानं हात वर केला. "माझ्या मागे कुणी नाही."

आणि आम्ही चहा प्यालो.

जुरा एजे पियाले आकड्यानं मांडत नाही, माणूस आठवून मांडते. त्या रात्री एक पियाला उरला. "ती नवी पोरगी तंबूत झोपली असेल," कुणीतरी म्हणालं. दमली असेल, झोपू दे. असं आम्ही म्हणालो, मला धरून. मध्यरात्री तंबू उघडून पाहिला तेव्हा आत तिची पिशवी होती, ती नव्हती.

पहाटे सापडली. दगडाला टेकून बसलेली, गुडघे पोटाशी घेतलेले. कुठेही पडली नव्हती, लागलं नव्हतं. सायकलचा पुढचा दिवा अजून मिणमिणत होता, रस्त्याकडे तोंड करून ठेवलेला. येणाऱ्याला दिसावं म्हणून. डॉक्टर म्हणाला, तीन-साडेतीनपर्यंत जीव होता.

ती हलली नव्हती. सांगितलं होतं तसं.

आणि मेदेरनं तिच्या आईला सांगितलं, मी चल म्हणत होतो, तिनं ऐकलं नाही. आपल्या बायका भिंतीकडे तोंड करून रडतात, रडता रडता मेलेल्याचे गुण गातात. असिलकान एजे तीन दिवस भिंतीकडे तोंड करून लेकीला बोल लावत होती. ऐकलं नाहीस. सांगितलेलं ऐकलं नाहीस. मेदेर बाहेर पुरुषांच्या रांगेत उभा राहून ते ऐकत होता.

अजून थोडा चहा घ्या. नको? बरं.

तर तो गुरुवार. दिवसभर सगळं नीट चाललं होतं. एकाचं चाक दोनदा पंक्चर झालं, एकाचं पोट बिघडलं, म्हणून उशीर झाला इतकंच. मी आणि जुरा एजे गाडी घेऊन तळ्यावर पुढे गेलो. बाकीचे खिंडीच्या माथ्यावर पोचले तेव्हा सूर्य बुडाला होता. एर्किननं दिवे लावायला सांगितले आणि एकेकाला उतारावर सोडलं. आकाश स्वच्छ होतं. ढग नाही, वारा नाही. खाली तळं शिशासारखं दिसत होतं.

शेवटून मेदेर. मामानं त्या वर्षी तिथे तंबू ठोकला नव्हता, गवतावर नुसतं पिवळं वर्तुळ उरलं होतं. मेदेरनं तिकडे पाहिलं नाही. त्या मरणानंतर तो या उतारावर पहिल्यांदाच आला होता. त्यानं ठरवलं होतं, वळणावर बघायचं नाही. डावीकडे दगड येईल. उजवीकडे बघायचं. पाण्याकडे.

दगड आला. त्यानं उजवीकडे पाहिलं. दगड गेला.

संपलं, असं त्याला वाटलं. त्यानं श्वास सोडला.

मग त्याला टिकटिक ऐकू आली. पायडल थांबवलं की मागचं चाक करतं तशी. टिक टिक टिक टिक. त्याला वाटलं, आपलीच. म्हणून त्यानं पायडल मारलं. आपली थांबायला हवी.

थांबली नाही.

त्यानं ब्रेक लावले. सायकल उभी केली, एक पाय जमिनीवर टेकला. टिकटिक आणखी चार-पाच वेळा झाली. जवळ आली. मग थांबली.

खिशातली वॉकी-टॉकी खरखरली तेव्हा त्याच्या घशातून कसलासा आवाज निघाला.

"मेदेर, एर्किन बोलतोय. आम्ही खाली पोचलो. तुझ्याबरोबर कोण आहे?"

"कुणी नाही. का?"

"दोन दिवे दिसतायत."

"पुढे कुणी राहिलं असेल. बघ नीट."

"सगळे माझ्यासमोर आहेत. नावं घेऊन बघितलं." खरखर. "मेदेर, पुढचा दिवा तुझाच असणार. एक तुझ्या मागे आहे."

"माझ्या मागे कुणी नसतं."

एर्किन हळू आवाजात म्हणाला, "तू ये. लवकर ये."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, मेदेरनं स्वतःला तेच सांगितलं. मन खातंय आपलं. खात्री करावी म्हणून त्यानं हात पुढे केला आणि आपला दिवा बंद केला.

रस्ता अंधारायला हवा होता.

अंधारला नाही.

समोरच्या खडीवर उजेड पडला होता. पिवळट, मरतुकडा. आणि त्या उजेडात एक सावली होती. सायकलवर बसलेल्या माणसाची, एक पाय खाली टेकलेल्या. त्याचीच. त्याच्या पुढे पडलेली...

मेदेर मागे वळला नाही. मला म्हणाला, अके, मान वळतच नव्हती, कुणीतरी धरल्यासारखी. त्यानं पाय उचलला. सायकल सुटली. सावली सुटली. टिकटिक सुटली.

तो जोरात. ती जोरात.

तो हळू. ती हळू.

तेव्हा त्याला उमगलं. वर्षभर ती तिथेच बसली होती. त्यानं सांगितलं होतं, मी आल्याशिवाय हलू नकोस. आज तो आला होता.

म्हणून ती हलली होती.

दुसरं वळण. तिसरं. सावली लांबत चालली होती, म्हणजे दिवा जवळ येत होता. आता उजेड त्याच्या कोपराखालून पुढे येत होता. आणि एक आवाज. आधी त्याला वाटलं, सायकलचं काही सैल झालंय. चाकाचा आरा, नाहीतर घंटी. बारीक, भराभर...

दात होते. थंडीनं वाजणारे दात.

त्याच्या कानाशी.

त्याचे नव्हते. त्यानं आपले घट्ट मिटले होते.

"सेझिम," तो म्हणाला. समोर बघत.

दात वाजायचे थांबले.

"मी सांगतो. मी सांगतो तिला."

...

काही नाही. नुसती टिकटिक. खालपर्यंत.

तळावर आम्ही सगळे रस्त्यावर येऊन उभे होतो. मी माझ्या डोळ्यांनी पाहिले दोन दिवे. मग पुढचा विझला, मागचा टेकडीच्या कडेपर्यंत येत राहिला, पण टेकडीआडून बाहेर पडला तेव्हा मेदेर एकटा होता, दिवा बंद केलेला. नेहमी तो हात वर करून ओरडायचा. त्या दिवशी हात वर केला नाही. कुणी विचारलंही नाही. आला, सायकल रांगेत शेवटची लावली आणि तंबूत येऊन पाठ सामानाला लावून बसला.

जुरा एजेनं चहा मांडला. माणूस आठवून एकेक. सगळ्यांनी उचलले. मेदेरनं हात पुढे केला तर तिथे पियाला नव्हता.

"तुझा ठेवला होता मी," ती म्हणाली. "कड तुटलेला. कुणी घेतला?"

सगळ्यांनी आपापल्या हातातले बघितले. कड तुटलेला कुणाकडे नव्हता. जुरा एजे माणसाच्या बाबतीत चुकत नाही. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि ओठांतल्या ओठांत आयत म्हणायला लागली. मी कंदील घेऊन बाहेर गेलो. सायकलींच्या रांगेत मेदेरची शेवटची. तिच्या पलीकडे आणखी एक सायकल मावेल एवढी जागा मोकळी होती, आणि त्या जागेपाशी जमिनीवर तो पियाला. भरलेला. ओतून दहा मिनिटं झाली नसतील. चहावर बर्फाची साय धरली होती.

मी आत आलो. मेदेरनंच माझा चेहरा वाचला.

"अके, गाडी काढा."

"आत्ता? कुठे?"

"कोचकोरला. असिलकान एजेकडे. सकाळपर्यंत थांबलो तर मला परत धीर होणार नाही. ओळखतो मी स्वतःला."

मी काढली. रात्रीचे पावणेअकरा झाले होते. गाडीत त्यानं मला सगळं सांगितलं, मामाचा वाडगा, वळण, "बरं, अके", सगळं. मी ऐकत होतो आणि रस्ता बघत होतो. मला त्याचा राग आला. खरं सांगतो, एकदा वाटलं, इथेच उतरवावं याला. मग आठवलं, उरलेल्या पियाल्याकडे बघून "झोपू दे" म्हणणाऱ्यांत मीही होतो.

खिंड ओलांडून पलीकडे उतरलो. सपाट रस्ता लागला, मी गाडी साठवर नेली. सहज आरशात पाहिलं.

मागे एक दिवा होता.

गाडीचे दोन असतात. मोटरसायकलचा मोठा असतो. हा बारीक होता, पिवळट... साठच्या वेगात, कायम तेवढ्याच अंतरावर.

"मेदेर," मी म्हणालो.

"मला ठाऊक आहे. बघू नका."

मी आरसा फिरवला. पुढचे दोन तास मी नुसती गाडी चालवली.

कोचकोरमध्ये शिरलो तेव्हा दीड वाजत आला होता. गल्लीच्या तोंडाशी मी गाडी थांबवली. मेदेर उतरेना. हात गुडघ्यांवर, डोळे समोर. मी घाई केली नाही. तसाच बसून राहिला, एक तास, दोन तास, किती ते मी पाहिलं नाही. मला वाटलं, धीर गेला याचा, आता म्हणेल परत चला. तेवढ्यात अंगणात उजेड झाला. असिलकान एजे तंदूर पेटवायला उठली होती. चार वाजून दहा मिनिटं.

मेदेर उतरला. मीही उतरलो. फाटकातून आत गेलो तेव्हा ती काटक्या मोडून तंदूरमध्ये टाकत होती, जाळ अजून धरला नव्हता. पीठ झाकलेलं होतं. दाराशी पिशवी खिळ्याला होती. फाटकाच्या वाऱ्यानं थोडी हलली, जड वस्तू हलते तशी, आणि चौकटीवर टक्‌ आपटली. वर्षाचा वाळका नान, लाकडासारखा झालेला. तो टक्‌ मी माझ्या कानांनी ऐकला. लक्षात ठेवा हे.

"कोण मेलं?" असिलकान एजेनं विचारलं. अशा वेळी आलेल्या माणसाला दुसरं काय विचारणार.

"कुणी नाही, एजे. मी खोटं बोललो होतो."

ती काटकी हातात धरून उभी राहिली.

त्यानं सांगितलं. उभ्या उभ्या, एकदाही न थांबता. मामा, वाडगा, तीन वाडगे. वळणावर थांब म्हणालो. हलू नकोस म्हणालो. ती बरं अके म्हणाली. ती थांबली, एजे. मी तिच्यासमोरून गेलो. काल सकाळी जे शब्द सांगितले ते तिचे नव्हते, मी रचले. तिनं सगळं ऐकलं होतं. ऐकलं म्हणून गेली.

तंदूरमध्ये ओली काटकी फुसफुसत होती. मेदेर मान खाली घालून उभा होता, थोबाडीत बसेल म्हणून. बसली नाही. बसली असती तर बरं झालं असतं.

"बरं, अके," ती म्हणाली. लेकीचे शब्द, चव बघावी तसे. "असं म्हणाली?"

"हो."

"वर्षभर मी तिला बोल लावला. तिच्या मातीपाशी जाऊन लावला."

"हो, एजे."

"माझी पोर ऐकणारी होती."



"तू जा," ती त्याला म्हणाली. आवाज चढवला नाही. "माझ्या दाराशी परत येऊ नकोस. बाजारात दिसलास तर मी बोलेन, लोकांसमोर बोलेन. पण इथे नको."

मेदेर वळला आणि गेला. त्या दिवसापासून तो सायकलवर बसलेला नाही.

मी निघणार तेवढ्यात ती म्हणाली, "थांब. तू साक्षीला राहा. आता ही पिशवी काढते. बोल लावलेला नान घरात नको, पाखरांना घालते."

तिनं खिळ्यावरून पिशवी काढली. काढता काढता तिचा हात वरच थांबला. पिशवी माझ्याकडे धरली. मी हातात घेतली. हलकी होती. नुसतं कापड. मधल्या वेळात तिला कुणी हात लावलेला नव्हता. आम्ही तिघं अंगणात होतो, पिशवी आमच्या डोळ्यांसमोर होती. गाठ तिचीच, वर्षाची, धूळ बसून कडक झालेली. तिला बोटांनी सुटेना, दातानं सोडवावी लागली.

आत नान नव्हता.

तळाशी चार-पाच कण होते. ती ते तळहातावर घेऊन कंदिलाशी गेली. एक तिनं जिभेवर ठेवला, एक माझ्या हातावर दिला. मी बोटांत दाबून पाहिला.

मऊ होता. कोमट होता.

आणि तंदूरमध्ये जाळ अजून धरला नव्हता. त्या दिवसाचा पहिला नान अजून लागायचा होता.